अष्टमीचं पाणी

गुणाजींनी वाटी पुढं सरकवली आणि आणखी कालवण मागितलं. कमळा त्यांच्याकडं पाठ करून चुलीपाशी बसली होती. तिनं नुकतंच पळीतलं कालवण चाखलं होतं. मीठ दोनदा पडलं होतं, तोंडात धरवत नव्हतं. लेकीचं बाळंतपण उरकून ती तिच्या सासरहून, नाटे गावाहून परत आली त्याला पाच दिवस झाले होते, पण मन अजून नातीपाशीच घुटमळत होतं. वाटी काढून घ्यायला ती घाईनं वळली, तर वाटी रिकामी, आणि नवरा बोटं चाटत बसलेला.

चिमूटभर मिठाच्या फरकावरून या माणसानं आयुष्यभर ताटं सरकवली होती. कमळेनं वाटी पुन्हा भरून दिली. गणपतीत गुणाजींना आठ दिवस ताप आला होता. ताप गेला तो जाताना जीभ घेऊन गेला, हे तिला आज कळत होतं. आज कार्तिकातली वद्य सप्तमी. उद्या अष्टमी आणि उद्याच पेरणी होती.

गुणाजी पूर्णगडचे जुने तांडेल, होडीचे म्होरके. होडी सुटली तरी तांडेलकी सुटली नव्हती. खलाशी गेले, आता घरामागच्या परड्यातली वांगी आणि मिरच्या त्यांचा हुकूम ऐकत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या कोळशाच्या खुणा असत. पालेभाजी चंद्र वाढत असताना, मुळा-रताळी चंद्र उतरत असताना. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येई, खारं पाणी विहिरीत शिरे, तेव्हा विहिरीला हात लावायचा नाही. अष्टमीपर्यंत उधाण ओसरून पाणी गोडं होई. पण खाडीचा काय नेम? म्हणून गुणाजी अष्टमीलाही ओंजळभर पाणी तोंडात घोळवत आणि मगच मुठीतलं बी सोडत. घरात नळ आल्यापासून विहिरीचं पाणी दुसरं कुणी पीत नव्हतं. कमळा तेवढी सासूनं लावलेल्या सवयीनं पहिल्या कळशीतली चूळ भरायची.

नवरात्रातल्या अष्टमीला टाकलेला लाल माठ नुसता माजला. त्यानंतरच्या दोन्ही पेरण्या मात्र करपल्या. आधी मुळा गेला, मग वांग्याची रोपं. यंदा पाऊस लवकर आटोपला होता आणि खाडी अष्टमीलाही विहीर सोडत नव्हती. मुलगा अजिंक्य वाईट नव्हता. किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी परड्यात दोन खोल्या बांधाव्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यावरून खटका उडाला तेव्हा गुणाजी रागाच्या भरात बोलून गेले होते की तिसरी पेरणी जळली तर खुशाल खोल्या बांध. अजिंक्यनं शब्द धरून ठेवला. तिसरीही जळणारच असं धरून त्यानं उद्या दहा वाजता गवंड्याला माप घ्यायला बोलावलंही होतं.

परडं गेलं तर हा माणूस ओटीवर बसून नुसते दिवस मोजील, याची कमळेला फार भीती वाटत होती. संध्याकाळपर्यंत ती दोनदा त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि दोनदा तशीच उठली. तुमची जीभ गेली, हे तांडेलाला तोंडावर कसं सांगायचं? अजिंक्यला सांगावं, तर परड्याचा निकाल आजच लागणार.

सकाळी ती कळशी घेऊन विहिरीवर गेली, तेव्हा बापलेक दोघंही तिथं हजर होते. गुणाजींच्या हातात मुळ्याच्या बियांची पुरचुंडी होती. अजिंक्य फोन हातात घेऊन काठावर उभा होता. कमळेनं कळशी ओढली आणि चूळ भरली.

पाणी मचूळ होतं.

बोलावं तर मुलासमोर नवऱ्याची लाज जाणार, गप्प राहावं तर परडं जाणार. तिनं चूळ टाकली, पदरानं ओठ पुसले आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. तिला तरी तसं वाटलं. मग तिनं कळशी गुणाजींपुढं धरली.

गुणाजींनी ओंजळ भरली. पाणी तोंडात घेऊन सावकाश या गालातून त्या गालात फिरवलं. एकदा कमळेकडं बघितलं आणि पाणी थुंकून टाकलं.

"मचूळ हाय," ते म्हणाले. "आज मुळा नाय टाकायचा."

अजिंक्यचा विश्वास बसेना. त्यानं स्वतः कळशीतलं पाणी तोंडात घेतलं आणि लगेच तोंड वाकडं करून टाकलं. थोडा वेळ तो विहिरीत बघत राहिला. मग त्यानं गवंड्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. बाबांची जीभ अजून पक्की आहे, पाणी गोडं झालं की तेच पेरतील, खोल्यांचं पुढच्या वर्षी बघू, असंही वर म्हणाला आणि घरात गेला.

कमळा कळशी धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. काल दोनदा ओठांवर येऊन राहिलेला विषय तिनं आता हळूच काढला.

"तुम्हांला कसं कळलं?"

गुणाजी पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जीभ गणपतीतच गेली गो," ते म्हणाले. "नवरात्रात तू चूळ भरलीस नि तुझं तोंड वाकडं झालं नाय, म्हणून माठ टाकला. पुढच्या दोन पेरण्यांना तू नाट्याला होतीस."