दिलेलं पाणी

वास पुन्हा आला. रॉकेलचा.

पाद्रीबाबांचं प्रवचन नुकतंच गाण्यात शिरलं होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढायचा, शब्दांना सूर सापडायचा आणि अख्ख्या चॅपलची टाळी लागायची. एलुनेद आठवडाभर त्या घटकेची वाट पाहायची. आणि नेमका तेव्हाच मागच्या बाकावरून हा घाणेरडा भपका! तिने रुमाल नाकाला लावला. मागे केनवेन म्हातारी डोळे मिटून सुरात सूर मिसळत होती.

"देवाच्या दारात चोरीच्या तेलाचा वास घेऊन बसते," बाहेर पडल्या पडल्या एलुनेद नवऱ्याला म्हणाली. "आणि वर 'आमेन' म्हणते! शिसारी आली मला."

"अगं, हळू," इदवाल म्हणाला.

हळू कशाला? पानगळीच्या सुरुवातीला काठोकाठ भरलेली त्यांच्या घरची रॉकेलची टाकी नाताळाआधीच तळाला आली होती. वेल्सच्या त्या डोंगरात हिवाळा अजून पुरता उभा होता. त्या तेलावर घर उबदार ठेवणारा बॉयलर तोच, खोल्याही त्याच. मेकॅनिक येऊन गेला. बॉयलरमध्ये खोट नव्हती. टाकीपासून निघालेली नळी दिसत होती तिथवर कोरडी होती, पुढे ती अंगणातल्या फरश्यांखाली पुरलेली. इदवालने वरच्या खोल्यांचे रेडिएटर बंद केले. दोघं कोट घालून जेवायला बसू लागली. टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. तरी तेल उतरतच होतं.

उताराखाली घर एकच, केनवेनचं. तिच्या चुलीत लाकडं जळायची; पण रॉकेलचा एक जुना स्टोव्ह तिच्याकडे आहे, हे एलुनेदला ठाऊक होतं. आणि तो वास! तिच्या कोटाला, रुमालाला, केसांनासुद्धा. चॅपलच्या चहापानाला तिने मनुका चहात भिजवून केलेला गोड पाव आणला, तर त्यालाही. एलुनेदने तोंडातला घास रुमालात काढला. घरी नेलेला तुकडा कुत्र्यानेही हुंगून सोडला.

"कुलूप काय तिने दातांनी उघडलं?" इदवालने विचारलं. "दात तरी आहेत का तिला?"

"चेष्टा पुरे. आपल्या अंगणाखालच्या झऱ्याचं पाणी तुझ्या आजोबांनी तिच्या घराला दिलं. फुकट. ते पुरलं नाही, आता तेल! संध्याकाळच्या सभेत मी सगळ्यांसमोर सांगणार. तिला पुन्हा त्या बाकावर बसू देणार नाही. पण आधी तिच्या तोंडावर विचारते."

ती चॅपलच्या कपड्यांतच उतार उतरली.

केनवेनने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "ये गं पोरी, ये! किती दिवसांनी पाय लागले तुझे. आज पाद्रीबाबा काय गायले, नाही? मला तर रडूच आवरेना."

घरातही तोच वास. चोरीचा माल कुठे दिसतो का म्हणून एलुनेदने नजर फिरवली. चुलीवरच्या दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह होता. त्याच्या वातीवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

"मी बसायला आले नाही, केनवेन मावशी," ती म्हणाली. "हा वास कसला, ते विचारायला आलेय."

म्हातारीचा चेहरा पडला. चोर सापडावा तशी ती मान खाली घालून उभी राहिली. आता कबूल करणार, एलुनेदला वाटलं.

केनवेनने नळ सोडला, एक पेला भरला आणि टेबलावर ठेवला. पाण्यावर इंद्रधनुष्याचा पातळ तवंग हलत होता.

"पानगळीपासून येतोय," ती ओशाळून म्हणाली. "पण पोरी, तुमच्या घराने दिलेलं पाणी. त्याला मी नावं कशी ठेवू?"