आजचा दिनविशेष

रेडिओवरचा दिनविशेष मी आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवते. भूकंप असो की युद्ध, वाचताना माझा आवाज कधी कापत नाही. ऑफिसात मला 'दगड' म्हणतात.

आज लेकीला शाळेच्या बसमध्ये बसवून मी घरात आले, तेव्हा रेडिओवर मीच बोलत होते. एका शास्त्रज्ञाचा जन्म, एका बेटाचं स्वातंत्र्य. सगळं कालचंच.

"आजच्याच दिवशी," मी पुढे म्हणाले, "नदीवरचा जुना पूल कोसळला."

दाढी करता करता नवऱ्याने डोकावलं. "अगं, पूल तर चांगला धडधाकट उभा आहे! कालच नाही का गेलो आपण त्यावरून?"

"हे मी वाचलेलंच नाही."

"आणि घसा केवढा बसलाय तुझा! अगदी म्हातारी वाटतेस."

मी गॅस बंद केला. आवाज माझाच होता, पण फार थकलेला.

"या घटनेला आज तीस वर्षं झाली. सकाळची वेळ होती. पुलावर शाळेची बस होती."

नवऱ्याचा हात गालावरच थांबला. लेकीची बस त्याच पुलावरून जाते.

मी ड्रायव्हरला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली.

"त्या बसमध्ये," रेडिओवर मी म्हणाले, आणि माझा आवाज कापला.