कुंकवाची डबी

लॉकडाऊनमुळे परतीचं विमान रद्द झालं आणि बायपासनंतर सिगारेट सोडलेले बाबा, आईसह, नीउ-व्हेनेप या डच गावात प्रतीककडेच अडकले. तेव्हापासून प्रतीकचं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, मोज्यांच्या खणात गेलं आणि त्याचे दोन जादा सेल प्लास्टिकच्या डबीत. असले सेल सुटे राहून किल्ल्या-नाण्यांना टेकले, तर शॉर्ट होऊन पेटतात हे त्याला ठाऊक होतं. आईला ते कोण सांगणार?

ऑफिसची मीटिंग ऐन रंगात असताना आई दारातून म्हणाली, "अरे, मोज्यांतली ती डबी मी कुंकवाला घेतली हं. आणि घरात सापडले ते सगळे सेल स्टीलच्या डब्यात टाकलेत, किल्ल्या नि चिल्लरीबरोबर."

कॅमेरा चालू ठेवूनच प्रतीक धावला आणि त्यानं डबा टेबलावर उपडा केला. "आई, घर पेटलं असतं."

"इतके दांडगे सेल लागतात तरी कशाला?"

"माउसला," तो पुटपुटला. टेबलावर मात्र तसलेच चार सेल घरंगळत होते. उरलेल्या दोन सेलांबद्दल तो कोणत्या तोंडानं विचारणार?



"दोन माझ्या माउसचे," टीव्हीवरची नजर न काढता बाबा म्हणाले.