सटवाजीमामांची नजर

सटवाजीमामा यायच्या आत निघायचं, असं व्यंकटनं ठरवलं होतं. पण दोन नव्या कोऱ्या गिअरच्या सायकली घेऊन भोकर रोडच्या हॉटेलावर यायचं आणि सायकलच्या ग्रुपला दाखवायच्याच नाहीत, हे कोणत्या माणसाला जमलंय?

"एकाच वेळेला दोन दोन?" आनंदराजनं टायरवर अंगठा दाबून पाहिला. "टायर हाय का काय हे! नांगरटीतूनबी जाईल की ही."

"फिटिंग कुणाकडून केलं?" बसम्मा मॅडमनी विचारलं.

"घरीच. खोक्यातून आल्या. मोबाईलवर व्हिडिओ लावला अन् दोन तासांत उभ्या केल्या," व्यंकट म्हणाला. त्याची छाती आज जरा जास्तच पुढं होती.

राजकन्या, त्याची तेरा वर्षांची लेक, निळ्या सायकलवर बसून उगाच घंटी वाजवत होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. निघताना व्यंकटच्या आईनं दोन्ही सायकलींसाठी लिंबू-मिरची ओवून दिली होती. "मैत्रिणी हसतील," म्हणून राजकन्यानं ती हँडलला बांधू दिली नाही. मग व्यंकटनं खाली वाकून पुढच्या चाकापाशी बांधली. तिथं एक लहानशी दांडी बाहेर आलेली होती, आयतीच खुंटी.

"पप्पा, मामा आले बघा."

व्यंकटनं घाईघाईनं आपली सायकल स्टँडवरून काढली.

सटवाजीमामा तसे देवमाणूस. रेल्वेत चाकांवर हातोडी ठोकून ती तपासण्यात तीस वर्षं काढली, आता जुन्या काळ्या सायकलवर ग्रुपच्या मागं मागं यायचे. पण त्यांची नजर! आनंदराजच्या नव्या सायकलला त्यांनी छान म्हटलं, अर्ध्या तासात चेन तुटली आणि आनंदराजचे पुढचे दोन दात गेले. बसम्मा मॅडमच्या सायकलला छान म्हटलं, पहिल्याच वळणावर हँडल फिरलं, महिनाभर हात गळ्यात. तेव्हापासून मामांच्या तोंडून 'छान' निघालं की लोक थू थू करत सायकल काढायचे. पुढचं ऐकायला कोण थांबतंय?

मामा सरळ निळ्या सायकलपाशी आले. वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाकले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आनंदराजची जीभ नकळत दातांच्या फटीकडं गेली.

"लई छान सायकल हाय पोरी," मामा म्हणाले.

"थू थू थू!" व्यंकटनं लेकीचा दंड धरला. "चल, निघायचं. उशीर होऊन राहिला."

"पप्पा, चहा?"

"चहाबिहा काही न्हाई. चल म्हणतो ना!"

"अरे व्यंकट, जरा थांब की." मामांनी हात पुढं केला. तो सायकलला लागायच्या आत व्यंकटनं ती पुढं ढकलली.

रस्त्याला लागल्यावरही त्याची भीती उतरेना. हसण्यावारी न्यावं, तर आनंदराजचं बोळकं डोळ्यासमोर यायचं. असली नजर झाडाला लागली तर झाड वाळतं म्हणतात, ही तर पोर. त्यानं मागं पाहिलं. मामा मागून येत होते. उभं राहून पायडल मारत, एक हात हलवत, काहीतरी ओरडत.

"पप्पा, मामा बोलावून राहिलेत."

"मागं बघू नको! पळव!"

"का पण?"

"जेवढी पळंल तेवढी पळव, राजू!"

पोरीला शर्यतच हवी होती. खिदळत ती पुढं निघाली आणि माळाचा चढ एका दमात चढून गेली. व्यंकट धापा टाकत मागून पोचला. समोर उतार होता, खाली पुलापर्यंत सरळ, मधे दोन ठिकाणी रस्ता उखडलेला.

"जाऊ?" तिनं विचारलं.

व्यंकटनं वळून पाहिलं. काळी सायकल जवळ आली होती. मामांची नजर पोरीवरच होती.

"जा!" तो ओरडला.

ती गेली. व्यंकटनं आपली सायकल रस्त्यात आडवी लावली आणि मामांपुढं हात जोडले.

"मामा, तिच्याकडं बघू नका. एकच लेक हाय मला. पाया पडतो तुमच्या."

मामा उतरले. त्यांना बोलता येईना. छातीवर हात ठेवून ते नुसते मान हलवत राहिले. उतारावर निळी सायकल लहान लहान होत चालली होती, तिची घंटी इथवर ऐकू येत होती. सुटली पोर, असं म्हणून व्यंकटनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"अरे बाबा," मामांना शेवटी शब्द फुटला, "तू लिंबू बांधलंस ना, ती दांडी आत दाबून आवळायची असती. पुढचं चाक मोकळं हाय तिचं."