नापास होण्याची तयारी

झुल्मीराच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, ईस्टरनंतरच्या मंगळवारी, अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावात एका चर्चच्या तळघरात सात बायका नापास व्हायची तयारी करत होत्या.

सातही जणी पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून आलेल्या. कापडगिरणीत आयुष्य काढलेल्या. मिस हॅलोरन त्यांच्याकडे पाठ करून फळ्यावर इंग्रजीत आठवड्याचे वार लिहीत होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हा वर्ग त्यांनी सोडला नव्हता. गिरणीत मुकादमाला काय सांगायचं, डॉक्टरला दुखणं कसं समजावायचं, हे अर्ध्या वस्तीला त्यांनीच शिकवलं होतं.

"पुन्हा नीट ऐका," एर्मीनिया पोर्तुगीजमध्ये म्हणाली. मिससमोर पोर्तुगीजमध्ये वाटेल ते बोलता यायचं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्या भाषेतला एक शब्द कुणी ऐकला नव्हता. "पुढच्या मंगळवारी नगरपालिकेची बाई परीक्षा घ्यायला येणार. सगळ्यांना इंग्रजी येतं असं तिला दिसलं, की वर्ग बंद. आणि आपली मिस चालली फ्लोरिडाला, बहिणीकडे."

"तिथं ती कुणाला शिकवणार?" झुल्मीरा म्हणाली. "मगरींना?"

"मग इथं काय वेगळं आहे? इथंही सात मगरीच बसल्यात!"

सगळ्या खो खो हसल्या. मिसच्या हातातला खडू मोडला. तुकडा उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ टेबलाखाली शोधत राहिल्या.

खरं तर सातही जणींना इंग्रजी छान यायचं. एर्मीनिया तर नळ दुरुस्त करणाऱ्याला इंग्रजीत भांडून रडकुंडीला आणायची. पण मंगळवारी तळघराच्या पायऱ्या उतरली, की तिला 'मंगळवार' हा शब्दसुद्धा आठवायचा नाही. मिसला ना नवरा ना मूल. वर्ग बंद झाला तर बाई आठवड्याभरात वाळून जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर इतकी वर्षं या सातजणींपैकी कुणी शिकून मोकळं झालं नव्हतं.

"पण सगळ्याच नापास झालो, तर म्हणतील बाईला शिकवताच येत नाही," फिलोमेना हळूच म्हणाली. "एक तरी पास व्हायला हवी."

"आणि पास झाली तिला पुढं वर्गात कोण बसू देईल?"

फिलोमेना विधवा होती, एकटी. मंगळवार हाच तिचा सण. तरी तीच म्हणाली, "मी होते पास. फक्त मला पहिली बोलवायला हवं गं. ताटकळत बसले तर माझी दातखीळच बसते."

"ते का आपल्या हातात आहे, बाई?"

मागच्या बाकावर चर्चचे फादर अमाराल, तेही बेटांवरचेच, गोड पाव कॉफीत बुडवून खात होते. म्हातारा माणूस. इतकी वर्षं अमेरिकेत काढून इंग्रजीचा एक शब्द शिकला नव्हता आणि वर त्याची ऐट होती. गंमत अशी, की मिस दर शनिवारी पापांची कबुली द्यायला त्यांच्याकडेच जायच्या. त्यावरून बायका त्यांना छेडायच्या.

"ज्याला कळत नाही त्यालाच पापं सांगायची! केवढी हुशार बाई! काय फादर?"

फादर नुसती कॉफी ढवळायचे.

पुढचा मंगळवार उजाडला. नगरपालिकेची बाई तरुण होती, चटपटीत होती. मिसनी चष्मा पुसला आणि हाक मारली, "पहिली, फिलोमेना."

एर्मीनियानं झुल्मीराला कोपरानं ढोसलं. "बघ, देव आहे!"

फिलोमेना उठली आणि घडाघडा बोलली. पत्ता, जन्मगाव, गिरणीतलं काम, सगळं न अडखळता. मग झुल्मीराची पाळी. तिनं स्वतःचं नाव 'मंगळवार' असं सांगितलं. एर्मीनियाला विचारलं, तुम्ही राहता कुठे? ती छाती पुढे काढून म्हणाली, "कोंबडी."

परीक्षा घेणारीचं पेन खाली पडलं. मिस खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. बिचारी रडतेय, असं झुल्मीराला वाटलं आणि तिचाही जीव गलबलला.

"वर्ग चालू ठेवावाच लागेल," नगरपालिकेची बाई शेवटी म्हणाली. "इथं अजून फार काम आहे. या फिलोमेनाबाई मात्र शिकल्या. त्यांना आता यायची गरज नाही."

फिलोमेनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मिस म्हणाल्या, "मला मदतनीस हवीच आहे. कॉफी करायला, हजेरी घ्यायला. त्या राहतील."

बाई गेली. जिन्यावरचा तिचा पायरव थांबला. मग सातही जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फादरनी उरलेला पाव सगळ्यांना वाटला.

"न सांगता मिसला सगळं कळतं कसं गं?" घरी जाताना झुल्मीरा म्हणाली.

"भली माणसं अशीच असतात," एर्मीनिया म्हणाली.

वर्ग पुढचा हिवाळा येईपर्यंत चालला. मग मिसनी अंथरूण धरलं. दवाखान्यात इंग्रजी बोलणारा पाद्री होता, पण त्यांनी फादर अमारालना बोलावून घेतलं. सातही जणी खोलीबाहेर उभ्या होत्या. एर्मीनिया पुढे झाली.

"फादर, शेवटची कबुली आहे. आज तरी तिचं बोलणं तुम्हाला कळायला हवं. मला आत घ्या. मी सांगते तुम्हाला शब्दन् शब्द. कळू दे तिला मला इंग्रजी येतं ते. देईल चार शिव्या. खाईन मी."

"तुझी गरज नाही, एर्मीनिया," फादर म्हणाले. "कधीच नव्हती."

त्यांनी दार ढकललं. आतून मिसचा आवाज आला. थकलेला, पण स्वच्छ पोर्तुगीजमध्ये, थेट बेटावरच्या हेलात.

"या फादर. माझ्या मगरी आल्यात का सगळ्या?"

मिस हॅलोरन त्याच आठवड्यात, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी वारल्या.