अडीच ओळींची कमांड

आत्माराम पवारांनी कागदावरची कमांड चौथ्यांदा टाइप केली. संगणकाने चौथ्यांदा चूक दाखवली. लेबलं छापणारा प्रिंटर गप्पच होता.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला आमरसाचे डबे भरणारा कारखाना. २००३ चा मे. आत्माराम तिथे एकोणीस वर्षं टायपिस्ट होते. टाइपरायटर जाऊन टेबलावर संगणक आला, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळी कंटेनर निघायचा होता आणि डबे अजून बिनलेबलाचे होते.

"काका, राहू द्या आता," मॅनेजर विनीत म्हणाला. "उद्यापासून तुम्ही गोदामात बसा. इथे कुणीतरी शिकलेलं माणूस बघतो."

तो गेल्यावर आत्मारामांनी ड्रॉवर उघडला. चष्म्याची डबी, अडकित्ता, घडी घातलेलं फडकं असं एकेक पिशवीत भरू लागले. तेवढ्यात झरीन आली. राजिवड्याची ही मुलगी गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती. लेबलांचा प्रोग्राम तिनेच बसवला होता, त्याच्या सूचनाही तिनेच लिहून दिल्या होत्या.

"काका, एकदा माझ्यासमोर करा ना."

"कशाला गो? वय झालं माझं. डोक्यात शिरत नाय."

"एकदाच."

आत्माराम बसले. बोटं भराभर चालली. एक अक्षर चुकलं नाही. कागदावरची पहिली ओळ संपली, तसा हात आपसूक एंटरवर पडला. पडद्यावर पुन्हा चूक.

"एंटर का दाबलंत?"

"ओळ संपली ना!" आत्माराम गोंधळले. "तू लिवलंस तसंच केलं. काना-मात्रा बदलला नाय."

झरीनने कागद हातात घेतला. फाइलमध्ये तिने ती कमांड एका लांबलचक ओळीत लिहिली होती. कागदाची कड आली तिथे छपाईने ती मोडली होती. अडीच ओळी दिसत होत्या, पण त्या मिळून एकच आहेत हे सांगणारी खूण कुठेच नव्हती.

तिने फाइल उघडली. कमांडचे तीन तुकडे केले आणि पहिल्या दोन तुकड्यांच्या शेवटी एकेक उलटी तिरकी रेघ दिली. छापून पाहिलं, तर रेघा गायब. ती रेघ म्हणजे आपल्यालाच दिलेली खूण आहे असं धरून छपाईच्या प्रोग्रामने त्या गिळल्या होत्या. तिने प्रत्येक रेघ दोनदा लिहिली. आता कागदावर एकेक उतरली.

"ही रेघ टाइप करायची आणि मग एंटर. आपलं सांगून झालेलं नाही, हे संगणकाला कळतं."

"मग तो चूक नाय काढणार?"

"नाही. पुढच्या ओळीसाठी थांबेल."

आत्मारामांनी पहिली ओळ टाइप केली, रेघ दिली, जपून एंटर दाबलं. चूक आली नाही. खाली नवी ओळ उघडली. दुसऱ्या ओळीलाही तसंच. तिसरी संपली आणि प्रिंटर करकरत सुरू झाला.

आवाज ऐकून विनीत धावत आला. "झालं? काय चुकत होतं काकांचं?"

"काकांचं काही नाही, सर. मी सूचना चुकीची लिहिली होती."

विनीतने पिशवीकडे पाहिलं. "गोदामाचं राहू द्या, काका," असं पुटपुटत त्याने लेबलं उचलली आणि तो निघून गेला.

"माझ्यासाठी अंगावर घेतलंस होय?" आत्मारामांनी हळूच विचारलं.

"नाही काका. खरंच माझीच चूक होती."

आत्मारामांनी पिशवीतलं फडकं काढून चष्मा पुसला. झरीनने दुसरी खुर्ची ओढून घेतली.

"सूचनांची अजून अकरा पानं आहेत. तुम्ही मोठ्याने वाचा, मी दुरुस्त करते. लांब ओळ आली की सांगा, कुठे तोडू."

आत्मारामांनी चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवत ते वाचू लागले. ओळीच्या मध्यावर बोट थबकलं.

"हितं," ते म्हणाले. "हितं दम घ्यावासा वाटतो."

झरीनने ती ओळ तिथेच तोडली.