खोकल्याचं खापर

प्रेस्कॉट साहेब पाइनच्या बुंध्याआड गुडघ्यावर बसले होते, धनुष्याला बाण लावून. डेला त्यांच्या मागे पन्नास पावलांवर. एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीत हाक घालणारा मागेच बसतो. नर आवाजाकडे बघत येतो, मधला माणूस त्याला दिसत नाही. मागे काय चाललंय ते त्या माणसालाही दिसत नाही.

साहेब कसले, ह्यूस्टनचा भामटा! गेल्या सप्टेंबरात याच उतारावर डेलाच्या बापाने, एल्मरने, त्याच्यासाठी भला मोठा नर वीस पावलांवर आणून उभा केला होता. ऐन वेळी हा गडी हलला, नर पळाला. कॅम्पवर येऊन खुशाल म्हणाला, "तुमचा म्हातारा खोकला." तीस वर्षं या डोंगरात हाका घालणारा एल्मर नरासमोर खोकेल? पण पडला गिऱ्हाइकाचा शब्द. कॅम्पच्या मालकाने एल्मरला शिकारीवरून काढून स्वयंपाकाच्या तंबूत बसवलं. तेव्हापासून म्हातारा बटाटे सोलतोय आणि डेला आतल्या आत जळतेय.

तिने जिभेवरची रबरी पट्टी टाळूला दाबली आणि मादीची हाक दिली. लांबट, लाडिक. दरीपलीकडून नर ओरडला. दोन हाकांत तो जवळ आला आणि झुडपांच्या कडेला अडून बसला. इथेच भलेभले चुकतात, आणखी जोराने बोंबलत सुटतात. डेलाने पाठ फिरवली आणि मादी निघून चालल्यासारखी उलट दिशेला हळूच हाक सोडली. झालं! फांद्या मोडत नर धावतच आला.

काय जनावर होतं! एकेका शिंगाला सात टोकं. तीस पावलं. पंचवीस. साहेबांनी दोरी गालापर्यंत ओढली.

डेला भुंकली. धोका दिसल्यावर मादी भुंकते तशी, कोरडी, खणखणीत.

नर जागच्या जागी वळला आणि उतारावरून पार दिसेनासा झाला.

"कोण भुंकलं?" साहेब ओरडले.

"मादी होती वरच्या अंगाला. तुम्ही हललात ना साहेब."

"मी? मी कुठे हललो?"

"मग कशाने पळाला? आज तर कोणी खोकलंही नाही."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "हललो असेन जरा," ते म्हणाले. "कॅम्पवर नको हं बोलूस."

डेलाने मान डोलावली, आणि दुपारच्या जेवणाला सगळ्यांदेखत सांगितलं. मालकासकट सगळे खो खो हसले. साहेब ताट अर्धं टाकून उठले. डेलाला इतकं बरं वाटलं की तिने दोनदा वाढून घेतलं.

मग ती स्वयंपाकाच्या तंबूत गेली. एल्मर खाली मान घालून सोलत होता.

"सकाळी इथवर ऐकू आलं," तो म्हणाला. "भुंकणं जरा लांबलं तुझं."

डेला चपापली. हाकेत खोटेपणा केलेला एल्मरला कधीच खपला नव्हता. आता बोलणी बसणार.

एल्मरने सुरी खाली ठेवली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी, भुंकणं कसं झटकन तोडायचं ते दाखवलं.

"अजून चार दिवस आहे ना तो?" त्याने विचारलं. "संध्याकाळी परत ने."